इतक्या वेळा हरूनही आपला पक्ष बदलत का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातले. घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत. गेल्या काही निवडणुकांत पक्ष सपाटून हरला. दर वेळी 'आत्मचिंतन करू' असं पेपरात आलं आणि दर वेळी तालुकाध्यक्ष तोच राहिला. नवा चेहरा म्हणून जो पुढे आणला, तो नेत्याचाच पुतण्या निघाला. तुम्ही जिल्हा कार्यालयात लेखी पत्र दिलं, पोच मिळाली, उत्तर आलं नाही. आता तुम्ही विचारताय की मतदानाला जायचंच नाही, 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) दाबायचं, की सरळ समोरच्याला मत द्यायचं? आणि यातलं काहीही केलं तरी पक्षाला ते कळतं का? शेवटी असंही विचारलंय की पहिल्यांदाच मतदान करणारा तुमचा मुलगा पक्षात काम करू म्हणतोय, त्याला जाऊ द्यावं का.

पक्षाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. मी बरीच वर्षं तालुका पातळीवर पक्षसंघटनेचं काम केलं आणि पुढे वेगवेगळ्या पक्षांच्या बूथ कार्यकर्त्यांची शिबिरं घेतली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं पत्र नुसता झेंड्याचा रंग बदलून आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही पक्षाच्या जुन्या मतदारानं लिहिलं असतं. 2019 च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा भाजपला मिळाली नव्हती. 2024 ला महाविकास आघाडीला दहापैकी एकही मिळाली नाही. म्हणजे आपले लोक कौल द्यायला कचरत नाहीत. इतकं स्पष्ट बोलणारा मतदार महाराष्ट्रात फार ठिकाणी नसेल. तरीही या दोन निवडणुकांच्या आधीच्या आणि नंतरच्या उमेदवारांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून आडनावं वाचा. तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. मतदार बोलतो, निकालही फिरतो, मग पक्षाच्या आत काही का हलत नाही?

माझं उत्तर असं आहे की पक्ष हरतो तेव्हा पक्ष चालवणारी माणसं हरत नाहीत.

हे नीट उलगडून सांगतो, कारण पुढचा सगळा सल्ला यावरच उभा आहे. आपल्याकडच्या नेत्याची ताकद पक्षातून येत नाही. ती साखर कारखान्यातून येते, जिल्हा बँकेतून, दूध संघातून, बाजार समितीतून, शिक्षण संस्थेतून येते. विधानसभेला पडला तरी कारखान्याचा चेअरमन तोच असतो, ऊसतोडीच्या टोळ्या त्याच्याच शब्दावर फिरतात, संस्थेतल्या नोकऱ्या त्याच्याच हातात राहतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बंगल्यासमोर चपला तेवढ्याच असतात. मग त्याला बदलायची निकड कुठून वाटणार? पराभवाचं दुःख त्याला होत नाही असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पक्षाचं जे नुकसान झालं, ते त्याच्या हिशेबात पूर्ण नुकसान नसतं.

याच्या उलट बाजूचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यातला आहे. 2009 च्या लोकसभेला सदाशिवराव मंडलिकांना पक्षानं उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. लोकांनी पक्षाला धडा शिकवला असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्यही आहे. पण तो धडा शिकवता आला, कारण मंडलिकांच्या मागे हमीदवाड्याचा कारखाना होता आणि कागलमध्ये वर्षानुवर्षं बांधलेला गट होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही असा एखादा गुणी कार्यकर्ता त्याच रागाच्या लाटेवर उभा राहिला असता, तर तो टिकला नसता. पक्षाविरुद्धचा राग आपल्याकडे खूप आहे. तो पेलणारी जागा पक्षाबाहेर असावी लागते, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या नेत्याकडेच असते.

2019 च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली, ते तुमच्या लक्षात असेल. आघाडीचा उमेदवार एक आणि मित्रपक्षातला मोठा गट मात्र समोरच्याच्या प्रचारात. बाहेरच्या पत्रकारांना तो चमत्कार वाटला. आपल्याला वाटला नाही, कारण आपल्याकडे गट आधी आणि पक्ष नंतर. जोडण्या लावणं, पैरा फेडणं (केलेल्या मदतीची परतफेड) हे सगळं गटाच्या पातळीवर चालतं. तेव्हा 'पक्षात बदल हवा' असं तुम्ही म्हणता, तेव्हा ऐकणारा मनात त्याचा अर्थ लावतो की हा माणूस कुठल्या गटाचा आहे आणि कुणी पाठवलाय. तुमच्या पत्राला उत्तर न येण्याचं एक कारण मला हेच दिसतं. पत्र बहुधा वाचलं गेलं असेल. तुम्ही कुणाचे, हे ठरलं नसेल.

आता आतून हे कसं दिसतं ते सांगतो. पराभवानंतरची चिंतन बैठक बहुतेक मंगल कार्यालयात होते. हॉलचं भाडं कोण देतो? तालुक्याच्या पक्षाकडे स्वतःचे पैसे नसतात. मंडप, गाड्या, चहा, जेवण, बॅनर, सगळं एखाद्या नेत्याच्या खिशातून किंवा त्याच्या ठेकेदाराच्या खिशातून येतं. ज्यानं हॉल घेतला, तो किंवा त्याचा माणूस व्यासपीठावर मधोमध बसतो. मग बोलायचा क्रम लागतो: आधी निरीक्षक, मग माजी आमदार, जिल्हाध्यक्ष, मग जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. प्रत्येक जण कारण सांगतो. पैसा वाटला गेला, जातीवर मतं गेली, मित्रपक्षानं काम केलं नाही, योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात आले, मशीनमध्ये गडबड झाली. यातली काही कारणं खरीही असतात. पण सगळी बाहेरची असतात. ज्या पोरानं केंद्राबाहेर टेबल टाकून दिवसभर स्लिपा वाटल्या, आणि ज्याला नेमकं माहीत असतं की कुठल्या गल्लीतली मतं कशामुळे गेली, त्याच्या हातात माईक येतो तेव्हा दीड वाजलेला असतो. पुढच्या दोन रांगा जेवायला उठलेल्या असतात. मी अशा बैठकांत बसलोय आणि त्या पोरांचे चेहरे पाहिलेत. पुढच्या बैठकीला ती येत नाहीत. हे दर वेळी मनाला लागतं, कारण पक्षाकडे असलेली सगळ्यात खरी माहिती तिथं, त्या क्षणी, दारातून बाहेर जाते.

जिल्हाध्यक्ष आणि तालुकाध्यक्ष वरून नेमले जातात, हे दुसरं कारण. कागदावर बहुतेक पक्षांत निवडणूक आहे. प्रत्यक्षात 'एकमताने निवड' होते किंवा मुंबईहून पत्र येतं. वरून नेमलेला माणूस वरच उत्तर देतो, तुम्हाला का देईल? शिवाय नवा माणूस आणताना त्याला एक भीती असते. ज्याच्यामागे लोक आहेत असा तरुण पुढे आला, तर उद्या तोच उमेदवारी मागेल. म्हणून पुढे आणलेला 'नवा चेहरा' बऱ्याचदा असा निवडतात, ज्याच्यामागे स्वतःचं कुणीच नाही. घरातला पुतण्या त्यात चपखल बसतो.

पक्षाचं सदस्य होऊन आतून मतदान करता येईल, असं तुम्हाला वाटत असेल. पूर्वी सदस्य नोंदणीची पावती पुस्तकं यायची. मी अशी पुस्तकं हाताळलीत, ज्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अक्षर आणि एकच पेन. नेत्यानं पुस्तकं उचलली, पैसे भरले, मतदार यादी समोर ठेवून नावं लिहिली. ज्यांची नावं लिहिली, त्यांना आपण सदस्य झालो हे माहीतही नसायचं. आता मिस्ड कॉल आणि ओटीपी आला, तरी एकेका कार्यकर्त्याला आकडा ठरवून दिला जातो आणि तो घरोघरी फोन मागत फिरतो. सदस्यसंख्या फुगते. त्या सदस्याला कशावर मत देता येतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

कायद्यानं यावर काही उपाय आहे का, असं अनेक जण विचारतात. थोडा आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 साली 29-अ हे कलम आलं आणि पक्षांची नोंदणी त्याखाली होते. पक्षाच्या घटनेत पदाधिकाऱ्यांच्या ठरावीक मुदतीत, फार तर पाच वर्षांच्या अंतरानं, निवडणुका असाव्यात अशी निवडणूक आयोगाची अट आहे. पण निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करता येत नाही. घटनेचं किंवा नोंदणीच्या वेळच्या हमीचं उल्लंघन झालं एवढ्या कारणावरून आयोग नोंदणी काढू शकत नाही, काही मोजके अपवाद सोडून, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये स्पष्ट केलं. केंद्रीय माहिती आयोगानं 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला, पक्षांनी तो मानला नाही. जर्मनीच्या राज्यघटनेच्या 21 व्या कलमात पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे असं थेट लिहिलेलं आहे. आपल्या घटनेत तसं वाक्य नाही. उलट 1985 ची पक्षांतरबंदी आमदार-खासदारांना सभागृहात व्हिपविरुद्ध मत देऊ देत नाही, त्यामुळे आतला मतभेद बोलून दाखवायची सवयही मोडत गेली.

पण अंतर्गत निवडणुकांकडे दुर्लक्ष केलं तर पक्षाचं काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलंय. शिवसेनेच्या वादात निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2023 च्या आदेशात पक्षाच्या घटनेवर आणि निवडणुकीशिवाय झालेल्या नेमणुकांवर कडक ताशेरे ओढले, आणि नाव-चिन्हाचा निर्णय विधिमंडळातल्या बहुमतावर दिला. राष्ट्रवादीच्या वादातही फेब्रुवारी 2024 मध्ये संघटनेतलं बहुमत ठरवता आलं नाही आणि आमदार-खासदार मोजले गेले. त्या वादात कोण बरोबर होतं, यात मी शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच की संघटनेतल्या निवडणुका धड झालेल्या नसतील, तर वाद झाला की लाखो कार्यकर्त्यांचं मत मोजायला कागदच उरत नाही. प्रत्येक पक्षाच्या तालुका बैठकीत हे वाचून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अजून एका कारणाकडे आपलं फार कमी लक्ष जातं. नवी माणसं तयार होतात ती महापालिकेत, जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत. कोल्हापूर महापालिकेची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली, जिल्हा परिषदेची 2022 च्या मार्चमध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक होते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. या मधल्या काळात किती तरुणांचं नगरसेवक होण्याचं वय निघून गेलं याचा विचार करा. पंचविशीत कामाला लागलेला पोरगा तिशीच्या पुढे गेला, लग्न झालं, कुणी पुण्याला कंपनीत गेला, कुणी एमआयडीसीत. दुसरी फळीच उभी राहिली नाही. मग विधानसभेला उमेदवार शोधताना वरच्यांना तीच नावं दिसतात, आणि त्या वेळी ते खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे खरोखरच दुसरं नाव नसतं.

बाहेरून भाग पाडलेला बदल मात्र मुरतो. स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आपल्या राज्यात 2011 पासून आहे. सुरुवातीला कारभार नवराच बघतो अशी ओरड झाली आणि ती बऱ्याच गावांत खरी होती. पण दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीपर्यंत त्यातल्याच काही बायका स्वतःच्या नावावर उभ्या राहायला लागल्या, ग्रामसेवकाला दप्तर घेऊन बसवायला लागल्या. पक्षांनी हे आपणहून कधीच केलं नसतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. तुमचा पक्ष केडरचा आहे की गटांचा, सत्तेत आहे की विरोधात, तुमची जागा आघाडीत मित्रपक्षाला जाते का, जिल्हा परिषदेचं आरक्षण काय पडलंय, यावर उत्तर फिरतं. तरी काही गोष्टी मी ठामपणे सांगू शकतो.

घरी बसू नका. मत न दिल्यानं पक्षाला निरोप जात नाही. मी निकालानंतर बूथवार आकडे घेऊन बसलेलो माणूस आहे. न पडलेलं मत रागाचं होतं, की पुण्याहून यायला रजा न मिळालेल्या पोराचं, की यादीत राहून गेलेल्या मयत आजीचं, हे आकड्यात दिसत नाही. त्यातून 2024 च्या विधानसभेला तुमच्या करवीर मतदारसंघात सुमारे 85 टक्के मतदान झालं. इतक्या ईर्षेच्या ठिकाणी तुमचं एक घर बसून राहिलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. गावानं बहिष्कार टाकला तर दखल घेतली जाते, पण ती प्रशासनाकडून. तहसीलदार समजूत काढायला येतात, तालुकाध्यक्ष येत नाही.

नोटाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. 2013 पासून हा पर्याय आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली, तरी उरलेल्यांत ज्याला जास्त तो निवडून येतो. 2019 ला शेजारच्या पलूस-कडेगावात नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, 20 हजारांहून जास्त मतं पडली. लातूर ग्रामीणमध्येही तसंच झालं. दोन्हीकडे युतीत जागा दुसऱ्या पक्षाला गेली होती आणि तिथला नाराज मतदार नोटाकडे वळला असं मानलं जातं. ती नाराजी राज्यभर बातमी झाली, कारण ती एकगठ्ठा होती आणि तिचं कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं. विखुरलेला नोटा काहीच सांगत नाही. महापालिका, नगरपालिका यांच्या निवडणुकीत मात्र राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये नियम बदलला: नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. तेव्हा हे हत्यार वापरायचंच असेल तर त्याला धार लहान निवडणुकीत आहे.

समोरच्याला मत देणं हा तुमचा पूर्ण हक्क आहे, त्यात गद्दारी वगैरे काही नाही. पक्ष आपला म्हणजे आपण पक्षाचे बांधील नाही. पण त्यानं तुमचा पक्ष बदलेल अशी आशा धरू नका. समोरचा चांगला वाटतो म्हणून द्या. आपल्या पक्षाला शिक्षा करायची म्हणून दिलं, तर शिक्षा ज्याला व्हायला हवी त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, हे वर सांगितलंच.

मग मतदाराचा जोर लागतो कुठं? माझा अनुभव असा की तो उमेदवारी ठरायच्या आधी लागतो, नंतर जवळजवळ नाही. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) निघाला की संपलं. त्यानंतर तुमच्या पुढे दोनच रस्ते राहतात, गिळा किंवा सोडा. पण त्याआधी, इच्छुकांच्या मुलाखती सुरू होतात तेव्हा, पक्षाचे निरीक्षक खरोखर कान उघडे ठेवून असतात. त्यांना एकच चिंता असते: हा माणूस निवडून येईल का? त्या वेळी एका गावातली, एका भावकीबाहेरची, वेगवेगळ्या गल्ल्यांतली दहा-वीस घरं एकत्र जाऊन म्हणाली की अमुक जिल्हा परिषद गटात (म्हणजे मतदारसंघात) अमुक माणूस दिलात तर आम्ही उघड काम करू, आणि तोच जुना दिलात तर करणार नाही, तर ते वाक्य वहीत लिहून घेतलं जातं. मी ते लिहून घेतलेलं पाहिलंय. एकट्यानं पाठवलेल्या पत्राला पोच मिळते. एकत्र गेलेल्या लोकांना 'बसा' म्हणतात आणि चहा येतो. फरक संख्येचा आहेच, पण त्याहून जास्त तो नेमकेपणाचा आहे. 'पक्षात बदल हवा' यावर कुणालाच काही करता येत नाही. 'या गटात या बाईंना उमेदवारी द्या, त्यांनी पाणी योजनेचं काम केलंय' यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं.

जाताना आकडे घेऊन जा. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या निकालाचा फॉर्म 20 मिळतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो टाकलेला असतो. तुमच्या गावाची केंद्रं शोधा आणि मागच्या दोन-तीन निवडणुकांचे आकडे एका कागदावर लिहा. केंद्रांचे क्रमांक कधी कधी बदलतात, तेवढं जपून बघा. पक्षाच्या माणसासमोर हा कागद ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो, कारण बहुतेक तालुकाध्यक्षांनी स्वतः तो कधी बघितलेला नसतो. 'आमच्या केंद्रावर तीन निवडणुकांत मतं निम्मी झाली, आणि तिन्ही वेळा इथलं काम याच माणसाकडे होतं' या वाक्याला मशीनचं किंवा पैशाचं उत्तर देता येत नाही.

उमेदवारावर गुन्हे असतील तर अजून एक धागा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशामुळे अशा उमेदवाराची निवड का केली आणि गुन्हा नसलेला दुसरा का मिळाला नाही, हे पक्षाला निवडीनंतर 48 तासांत प्रसिद्ध करावं लागतं, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण पुरत नाही. ती जाहिरात शोधून वाचा. पक्षानं मतदाराला लेखी उत्तर देण्याची ही जवळपास एकमेव जागा आहे.

आणि एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्यासाठी. तुमच्या घरी म्हैस आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, म्हणजे तुम्ही गावातल्या दूध संस्थेचे सभासद असाल. गोकुळची, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाची, निवडणूक कशी होते ते तुम्हाला माहीतच आहे: गावची संस्था ठराव करून एक नाव देते आणि तो ठरावधारक मतदान करतो. जिल्ह्यात असे साडेतीन हजारांच्या वर ठराव. निवडणूक जवळ आली की गट गावोगाव ठराव गोळा करत फिरतात. पण तो ठराव ज्या कोऱ्या कागदावर होतो, तो कागद आधी तुमच्या संस्थेच्या संचालक मंडळापुढे असतो, आणि ते मंडळ तुम्ही निवडता. 2018 मध्ये संघ मल्टीस्टेट (बहुराज्य संस्था) करायचा विषय आला तेव्हा उत्पादकांनी सभेत आणि गावागावांत विरोध केला, तो प्रस्ताव मागे पडला आणि 2021 च्या मे महिन्यात संघात सत्तांतर झालं. आले तेही मोठेच नेते, हे मी नाकारत नाही. पण प्रश्न नेमका होता, मत देणारा आतला होता आणि लोकांनी तीन वर्षं विषय सोडला नाही, म्हणून काहीतरी हललं. नेत्याची ताकद जिथून येते असं मी सुरुवातीला सांगितलं, तिथं तुमच्याकडे खरंखुरं मत आहे. पक्षात नाही. विकास सेवा सोसायटीच्या आणि दूध संस्थेच्या वार्षिक सभेला तुम्ही शेवटचे कधी गेला होता? अहवाल घेऊन, पेढा खाऊन परत येणं सोडून तिथं एक प्रश्न विचारलात, तर तालुक्यातल्या नेत्याला संध्याकाळपर्यंत तुमचं नाव कळतं.

इथं एक गल्लत होते ती सांगून ठेवतो. पक्षाची भूमिका बदलणं आणि पक्षातली माणसं बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूमिका लोकांच्या दबावानं लवकर बदलते. टोलविरोधी कृती समितीत एन. डी. पाटील उतारवयात रस्त्यावर उतरले, तेव्हा एकेक करून सगळ्या पक्षांना टोलच्या विरोधात बोलावं लागलं आणि टोल गेला. शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीत 2024 मध्ये सत्तेतल्या उमेदवारांनाही कोल्हापुरात विरोधाची भाषा करावी लागली. पण या आंदोलनांतून कुठल्याही पक्षाचा तालुकाध्यक्ष बदलला नाही. माणसं बदलायला वेळ लागतो, आणि बदलली तरी लगेच यश येतं असंही नाही. ब्रिटनचा मजूर पक्ष 1983 ला वाईट हरला, आत मोठी भांडणं आणि फेरबदल झाले, तरी 1987 आणि 1992 ला पुन्हा हरला आणि 1997 ला सत्तेत आला. तुम्ही पुढच्या निवडणुकीचा विचार करत असाल तर निराश व्हाल. तुमच्या मुलाच्या वयाचा विचार केलात तर हा काळ फार मोठा नाही.

मुलाबद्दल. त्याला जाऊ द्या, पण दोन अटींवर. पहिली, त्यानं नेत्याच्या गाडीत बसायचं नाही आणि वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो टाकायचा नाही. त्यानं मतदान केंद्राचं काम घ्यावं. प्रत्येक पक्ष केंद्रावर बीएलए नेमतो, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा पक्षाचा माणूस. कागदावर नाव असतं आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कुणी काम करत नसतं. नवीन नावं घालणं, मयत नावं कमी करणं, लग्न होऊन आलेल्या सुनांची नोंद, हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मोकळं आहे. ज्याच्याकडे यादी आहे, त्याला निवडणुकीच्या तोंडावर आमदारसुद्धा फोन करतो, आणि ही जागा कुणी वरून पत्र पाठवून काढून घेऊ शकत नाही, कारण घराघरातली ओळख पत्रानं मिळत नाही. दुसरी अट, शिक्षण किंवा नोकरी सोडायची नाही. ज्याचं पोट नेत्यावर अवलंबून आहे तो बैठकीत खरं बोलू शकत नाही. मी पाहिलेले खरं बोलणारे कार्यकर्ते बहुतेक स्वतःची शेती, दुकान किंवा पगार असलेले होते.

तेव्हा सुरुवात यातून करा. तुमच्या केंद्रावर तुमच्या पक्षाचा बीएलए कोण आहे, ते गावातल्या बीएलओला, म्हणजे निवडणूक आयोगाकडून केंद्राची मतदार यादी बघणाऱ्या माणसाला, विचारा. ते काम शाळेतल्या शिक्षकांकडे किंवा अंगणवाडी सेविकांकडे असतं. फॉर्म 20 मधले तुमच्या केंद्राचे आकडे काढा. आणि तुमचा जिल्हा परिषद गट कुठला, त्याचं आरक्षण काय, ते मला कळवा. आरक्षण कळलं की मुलाखतीला कुणाचं नाव घेऊन जायचं, यावर पुढचं बोलता येईल.